चामड्याचा जोडा टिकतो, पण टिकवला तर

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा जोड्यांवर आम्ही का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. राहात्यासारख्या गावात गादीवर बसून कापड दाखवणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पायरीशी जोडे काढूनच वर येते. लग्नसराईत, ईदच्या आधीच्या आठवड्यात, पेरूचे आणि उसाचे पैसे हाती आले की त्या पायरीशी जोड्यांचा ढीग पडतो. तीस-पस्तीस वर्षे तो ढीग रोज बघणाऱ्या माणसाला लोकांच्या पायांविषयी काही ना काही कळतेच. पूर्वी त्या ढिगात निम्म्याहून अधिक जोडे चामड्याचे असत. जुने, दोनदा तळ बदललेले, पण चामड्याचे. आज दहात एखादा निघतो, आणि तोही बहुधा वाळून फुटलेला, टाच चेपलेला, अकाली म्हातारा झालेला.

"हल्ली चामडे पूर्वीसारखे राहिले नाही," असे लोक म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. पण आमचे मत असे की चामडे जितके बदलले, त्याहून अधिक आपल्या सवयी बदलल्या. जोडा घेतला की तो तुटेपर्यंत घालायचा आणि तुटला की फेकायचा, ही रीत प्लास्टिकच्या चपलेने लावली. तीच रीत आपण चामड्याला लावतो आणि मग दोष चामड्याला देतो.

आधी हे लक्षात घ्यावे की चामडे म्हणजे कातडी. जनावर जिवंत असते तेव्हा त्या कातडीला आतून स्निग्धता मिळत असते. दबागत, म्हणजे कातडे कमावण्याच्या कामात, ती मूळची चरबी निघून जाते आणि कारागीर तिच्या जागी वेगळे तेल आत मुरवतो. हे तेल कायमचे नसते. ऊन, धूळ, पाणी आणि घाम यांनी ते हळूहळू कमी होते. तेल कमी झाले की कातड्यातले धागे एकमेकांवर सरकेनासे होतात, आणि पाऊल जिथे वाकते तिथे बारीक रेषा पडतात. रेषेची भेग होते. एकदा भेग पडली की जगातले कोणतेही पॉलिश ती सांधत नाही. म्हणून निगा ठेवायची ती भेग पडण्याच्या आधी.

कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक जुनी, झाडांच्या साली आणि फळांची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांसाठी वापरतात, आणि या कामाला कित्येक आठवडे लागतात. दुसरी क्रोम नावाच्या धातूच्या क्षारांची. तिचे पेटंट १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्झ याने घेतले. ती फार झटपट होते. आज बुटांचे वरचे चामडे बहुतेक क्रोमचेच असते. ते मऊ असते आणि पाणी थोडे अधिक सोसते. सालीचे चामडे कडक आणि भक्कम असते आणि वापराने पायाचा आकार घेते, पण पाण्याला आणि उष्णतेला ते लवकर बळी पडते. आपल्या घरात कोणता जोडा कोणत्या जातीचा आहे, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

पण इथेच अडचण आहे. दुकानदाराला ते माहीत असते का? आणि माहीत असले तरी तो सांगतो का? बाजारात 'पीयू लेदर' नावाने जे विकले जाते ते चामडे नाही. कापडावर चढवलेला तो प्लास्टिकचा थर आहे. चामड्याचा चुरा गोंदात थापून केलेला पत्राही 'लेदर' या नावाने खपतो. 'जेन्युइन लेदर' असा छाप पाहून गिऱ्हाईक खूश होते, पण तो छाप चामड्याचा दर्जा सांगत नाही. वरची उत्तम कातडी सोलून घेतल्यावर खाली राहिलेल्या थरावर रंगाचा लेप देऊन केलेला जोडाही हाच छाप मिरवतो. ओळखायचे असेल तर जोड्याची कापलेली कड पाहावी. चामड्याची कड केसाळ, तंतूंची दिसते. रेक्झिनच्या कडेला कापडाचे विणकाम आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असे दोन वेगळे थर दिसतात. अंगठ्याने दाबले तर चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटून पुन्हा मिटतात. वासही असतो, पण वासावर भरवसा ठेवू नये, कारण आता वासही फवारून मिळतो.

मालाचा ऐब झाकून विकणे आपल्याला मना आहे, हे आमच्या व्यापारी बांधवांना आम्ही शिकवायला नको. कापडाच्या धंद्यात टेरिकॉट सुती म्हणून विकणारे लोक होते आणि आहेत. त्यांचे गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा पायरी चढत नाही. जोड्याच्या बाबतीत फसवणूक कळायला सहा-आठ महिने लागतात, एवढाच फरक.

आता निगेकडे वळू. आमच्या पाहण्यात जोड्यांचा सर्वांत जास्त नाश होतो तो मस्जिदीच्या दारात. रागावू नका, नीट ऐका. वुजू केल्यानंतर आपण ओले पाय तसेच जोड्यात घालतो. दिवसातून तीन-चार वेळा असे झाले तर जोड्याच्या आतले अस्तर कधी वाळतच नाही. वरून जोडा कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून कुजत असतो. आतला तळवा काळा पडतो, वास मारतो, शिलाईचा दोरा सडतो आणि एके दिवशी शिवण उसवते. मग आपण मोच्याला म्हणतो, शिलाई कच्ची होती. खिशात एक जुना सुती रुमाल ठेवावा आणि बोटांच्या बेचक्यांसह पाय पुसून मगच जोडा घालावा. रुमाल सुतीच असावा. पॉलिस्टर पाणी पीत नाही, हे कापडवाल्याकडून ऐकून घ्या.

दुसरा नाश टाचेचा. जोडा वारंवार काढायचा-घालायचा म्हणून लोक बुटाची टाच चेपून त्याची चप्पल करतात. बुटाच्या टाचेत एक कडक पुठ्ठा असतो. तोच जोड्याला उभा ठेवतो. तो एकदा मोडला की पाय आत सरकतो, पुढचे चामडे नको तिथे वाकते, आणि नवा बूट तीन महिन्यांत बेढब होतो. ज्याला दिवसातून पाचदा जोडा काढायचा आहे त्याने लेसचा बूट घेऊच नये. बिनलेसचा सैलसर जोडा किंवा चांगली चप्पल घ्यावी. बूटच हवा असेल तर जोडा चढवायची पट्टी बाळगावी. ती नसेल तर जाड चमच्याची दांडीही तेच काम करते. मस्जिदीच्या जोड्यांच्या फळीवर अशा दोन-चार पट्ट्या दोरीने बांधून ठेवल्या तर खर्च फार नाही. नमाजींचे हजारो रुपयांचे जोडे वाचतील.

राहात्याची हवाही ध्यानात घेतली पाहिजे. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. वर्षातले सात-आठ महिने कोरडी हवा आणि नगर-मनमाड रस्त्याची धूळ. कोकणात चामड्याला बुरशी खाते, आपल्याकडे त्याला धूळ आणि ऊन खाते. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती चामड्याच्या सुरकुतीत बसते, आणि पाऊल वाकताना कानशीसारखी घासत राहते. शिवाय ती चामड्यातले तेल शोषून घेते. म्हणून रोज रात्री जोडा काढल्यावर ब्रशचे आठ-दहा हात मारणे हे महिन्यातून एकदा पॉलिश करण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे. ब्रश घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम, नाहीतर मऊ सुती फडके पुरते. डुकराच्या केसांचे ब्रशही बाजारात असतात, ते घेताना विचारून घ्यावे.

पावसाळ्यात मात्र सगळे उलटते. गोदावरीच्या कालव्याखालची आपली काळी माती ओली झाली की जोड्याला अशी धरते की पायाला शेरभर वजन येते. ती चाकूने किंवा विळ्याने खरवडू नये, चामड्याचा वरचा पापुद्रा निघतो. थोडी वाळू द्यावी, लाकडी काडीने काढावी, मग ओल्या फडक्याने पुसावे. जोडा नळाखाली धरून धुणे तर अजिबात नको.

भिजलेला जोडा वाळवण्यात आपल्याकडे जितक्या चुका होतात तितक्या दुसऱ्या कशात होत नसतील. कोणी चुलीजवळ ठेवतो, कोणी पत्र्यावर उन्हात, कोणी मोटारसायकलच्या सायलेन्सरवर. हे जोड्याला भाजणे आहे. साली-हिरड्याने कमावलेले चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश उष्णतेला आक्रसते आणि मग कधीच पूर्ववत होत नाही. क्रोमचे चामडे १०० अंशांच्या आसपास टिकते, पण त्यातले तेल आणि तळाचा चिकट त्याआधीच निकामी होतात. भिजलेल्या जोड्याची लेस काढावी, आतला सुटा तळवा बाहेर काढावा आणि आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. दोन-तीन तासांनी कागद ओला होतो, तो बदलावा. जोडा आडवा, कुशीवर ठेवावा म्हणजे तळालाही वारा लागेल. सावलीत, पंख्याखाली, एक-दोन दिवस. घाई असेल तर दुसरा जोडा घाला, पण यालाच घाई करू नका. पांढऱ्या जोड्यात छापील कागद भरू नये, शाई लागते. वाळला की लगेच थोडे क्रीम लावावे, कारण पाणी जाताना तेलही घेऊन जाते.

पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या जोड्यावर पांढरी बुरशी येते. ती घरात झटकू नये, तिची बीजे शेजारच्या जोड्यांवर आणि कपड्यांवर बसतात. हे आम्ही कापडवाले म्हणून जास्त कळवळून सांगतो. बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने काढावी. मग सिरक्यात तितकेच पाणी मिसळून फडके पिळून पुसावे, आणि वाळू द्यावे. आधी आतल्या कोपऱ्यात थोडेसे लावून रंग जातो का ते पाहावे. प्लास्टिकच्या पिशवीत जोडा बांधून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. आमच्याकडे उरलेल्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून देतात. तशी एखादी पिशवी जोड्याला पुरते.

पॉलिशचे लोकांना फार वेड, पण पॉलिश म्हणजे खाद्य नव्हे. डबीतले मेणाचे पॉलिश वरून चमक देते आणि पाणी थोडे अडवते. कातड्याला आतून मऊ ठेवते ते क्रीम किंवा तेल. धुळीवरच पॉलिश, त्यावर पुन्हा धूळ, पुन्हा पॉलिश, असे थर चढत गेले की जोड्यावर खपली धरते आणि ती खपलीच आधी फुटते. आधी धूळ झाडा, दमट फडक्याने पुसा, वाळू द्या. वाटाण्याएवढे क्रीम सगळ्या बुटाला पुरते. ते पातळ चोळून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि ब्रश मारा. चमक हवी असेल तर मग मेणाचे पॉलिश. रोज घालण्याच्या जोड्याला क्रीम महिन्यातून एकदा पुरे, उन्हाळ्यात दोनदा. स्पंज लावलेल्या बाटलीतले झटपट चमकवणारे द्रव लग्नाला निघताना ठीक, पण त्याने चामड्यावर पापुद्रा बसतो आणि पुढे क्रीम आत जात नाही. मखमली लव असलेल्या चामड्याला यातले काहीच लावायचे नाही, फक्त कोरडा ब्रश.

एकच जोडा रोज घालू नये. पायाच्या घामाने आतून दमट झालेला जोडा एका रात्रीत वाळत नाही. दोन जोडे आलटून पालटून घातले तर ते एकामागून एक घातलेल्या दोन जोड्यांपेक्षा बराच जास्त काळ चालतात.

कोल्हापुरी चपलेचा वेगळा विचार केला पाहिजे, कारण आपल्या भागात चांगले चामडे अजून पायात दिसते ते तिच्याच रूपाने. ती साली-हिरड्याच्या चामड्याची. अस्सल असेल तर तिला खिळा नसतो, चामड्याच्या वादीने शिवलेली असते. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी असे तिचे प्रकार आहेत. ती पाण्याची वैरी. पावसाळ्यात ती उचलून ठेवावी आणि चार महिने रबरी चप्पल घालावी, यात कमीपणा काही नाही. नवी चप्पल चावते म्हणून लोक तिला पाण्यात भिजवतात. तसे करू नये. एरंडेल किंवा खोबरेल तेलाचा हलका हात पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून लावावा, रात्रभर मुरू द्यावे, आणि पहिले आठ दिवस तासभरच घालावी. तेल फार ओतले तर चामडे सैल पडते आणि पाय काळे होतात.

या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मिरवल्या. ओरड झाल्यावर, आपण प्रेरणा भारतातल्या कारागिरीतून घेतली, असे कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला कळवले. परदेशी दुकानाला जी वस्तू हवीशी वाटते ती आपल्याकडे दोन पावसांत कचऱ्यात जाते, याचे आम्हाला वाईट वाटते. आणि ती करणाऱ्यापुढची अडचण वेगळीच आहे. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ साली ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. तेव्हापासून कच्च्या कातड्याची आवक घटली, आणि कातड्याच्या व्यवहारात असलेल्या आमच्या कित्येक बांधवांनी धंदा बदलला. जे चामडे आज बाजारात येते ते अधिक कष्टाने येते. म्हणून ते वाया घालवणे आम्हाला आणखी खटकते.

आता तळ. तळाकडे कोणी पाहत नाही, कारण तो दिसत नाही. टाचेचा रबरी तुकडा तिरका झिजला की लगेच बदलावा. तो झिजून वरच्या टाचेपर्यंत गेला की पन्नास-शंभर रुपयांचे काम चार-पाचशेवर जाते. जोडा घेताना तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे जरूर पाहावे. शिवलेला तळ पुन्हा पुन्हा बदलता येतो. पीयूच्या तळाचा एक दोष आमच्या चप्पल-बुटांच्या व्यापारी बांधवांनी मनावर घ्यावा. हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत विघटत जातो. जोडा न घालता नुसता खोक्यात ठेवला तरी काही वर्षांत तळाचा भुगा होतो. तेव्हा चार-पाच वर्षे माळ्यावर पडलेला असा माल 'न वापरलेला, कोरा' म्हणून पूर्ण भावाने विकू नये. गिऱ्हाईक तो घालून रस्त्यावर उतरले की तळ तुकड्यांनी गळतो.

हिशोब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालावेत. रेक्झिनचा जोडा ६०० रुपयांचा, सात महिने चालला, तर पाच वर्षांत नऊ जोडे लागतील, म्हणजे ५,४०० रुपये. चामड्याचा जोडा २,४०० चा, पाच वर्षांत दोनदा तळ बदलायचे १,०००, क्रीम-ब्रश ६००. एकूण ४,०००. पण तोच चामड्याचा जोडा निगेविना दोन वर्षांत फुटला तर पाच वर्षांत तीन घ्यावे लागतील, ७,२०० रुपये. म्हणजे न सांभाळलेले चामडे सर्वांत महाग, रेक्झिनहूनही. करातही आता चामड्याला थोडी सवड मिळाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोड्याला ५ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी हजाराच्या वरच्या जोड्याला १८ टक्के होता. मध्यम भावाचा खरा चामड्याचा जोडा विकण्याची ही वेळ आहे.

आणि त्या चार हजारांतले हजार रुपये मोच्याच्या हातात जातात, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. रापी आणि आरी घेऊन रस्त्याच्या कडेला बसणारा हा कारागीर, मग तो चर्मकार समाजाचा असो की आपला, प्लास्टिकच्या जोड्याने बेकार केला. रेक्झिनला टाका घातला तर ते टाक्यातूनच फाटते. दुरुस्त करण्यासारखा जोडाच पायात नसेल तर तो काय दुरुस्त करणार? सरकारकडून गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल मिळतात, संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळही १९७४ पासून आहे. पण स्टॉलमध्ये बसून वाट पाहायला तर जोडा यायला हवा ना!

काही दुकानदार आम्हाला म्हणतात, "शेठ, जोडा पाच वर्षे टिकला तर गिऱ्हाईक पाच वर्षे यायचे नाही." येवल्याचा पैठणी विकणारा काय करतो ते पाहा. पैठणी मलमलीत गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला, अत्तर लावू नका, हे तो स्वतः सांगतो. त्या पैठण्या मुलींना, सुनांना जातात. तरी त्याचे दुकान चालते, कारण त्या घरातले पुढचे लग्न त्याच्याच दुकानात येते. आम्हीही नव्या सुती कापडासोबत आधी पाण्यातून काढा, मग शिवा, असे सांगतो. ते सांगितल्याने आमचा एकही थान कमी खपला नाही.

तेव्हा आमचे जोडे विकणाऱ्या बांधवांना सांगणे आहे की खोक्यात एक चिठ्ठी घाला, एका बाजूला मराठी, एका बाजूला उर्दू. चामडे कोणते, तळ कशाचा, शिवलेला की चिकटवलेला, भिजला तर काय करायचे, आणि जवळचा चांगला मोची कुठे बसतो. मागच्या फळीवर क्रीम, ब्रश आणि टाचेचे तुकडे ठेवा, त्यावरही नफा आहे. मोच्याशी बोलून आपल्या दुकानातल्या जोड्यांचा तळ बदलण्याचा भाव ठरवून घ्या, आणि तो भाव चिठ्ठीवर छापा. छापखान्यात हजार चिठ्ठ्यांना जो खर्च येईल तो एका जोड्याच्या किमतीपेक्षा जास्त नसेल. उर्दू मजकूर लिहून हवा असेल तर आमच्या दुकानी यावे, आम्ही बसून लिहून देऊ.